टाच फाटते, गाल आवळतो: कातडीविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून कातडी आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांविषयीचे सहा प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढची बरीच उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न: कापूस वेचणी सुरू झाली की माझ्या दोन्ही टाचा फाटतात. रोज रात्री खोबरेल तेल चोळते, तरी चालताना रक्त येतं. तेल लागू का पडत नाही? (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

तेलात पाणी नसतं आणि तुमच्या टाचेला कमी पडलंय ते पाणी.

कातडीचे मुख्य थर दोन: वरची बाह्यत्वचा आणि खालची आंतरत्वचा. बाह्यत्वचेत एकही रक्तवाहिनी नाही. तिच्या तळाशी पेशींची एक ओळ सतत विभागत असते. नव्या पेशी वर सरकतात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात आणि वर पोचेपर्यंत मरतात. सगळ्यात वरचा थर असा मेलेल्या पेशींचाच असतो. त्याला कवेलूचं छप्पर समजा: एकावर एक चढवलेले चपटे कवेलू आणि मधल्या फटींत मेणासारखा स्निग्ध लेप. आपण पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरतो. कातडी हे काम बारा महिने करते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत सगळं छप्पर बदलून टाकते. पापणीवर बाह्यत्वचा जेमतेम 0.05 मिलिमीटर जाड असते, तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत.

हे कवेलू मेलेले असले तरी त्यांत पाणी मुरलेलं असतं, म्हणून ते वाकतात. पाणी 10 टक्क्यांच्या खाली गेलं की ते वाकत नाहीत, तडकतात. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलग्रंथी एकही नाही. त्यात हिवाळ्याची कोरडी हवा आणि मागून उघडी चप्पल. पाऊल टेकलं की टाचेची गादी बाजूंना पसरते, कडेचा कडक थर पसरू शकत नाही, आणि तिथेच भेग पडते. भेग मेलेल्या थरात आहे तोवर दुखत नाही. रक्त आलं याचा अर्थ ती आंतरत्वचेपर्यंत गेली.

क्रम असा ठेवा. पाय कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटं बुडवा. पाणी गरम नको, त्याने फटींतला लेप निघून जातो. ओल्या टाचेवर वजरी हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. मेलेला थर सगळा एका दिवसात काढायचा हट्ट नको, आठवड्यातून दोनदा पुरे. ब्लेड तर अजिबात नको. टाच टिपून घ्या, चोळून कोरडी करू नका, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत व्हॅसलीन किंवा तेल लावून सुती मोजे घाला. तेलाचं काम आत गेलेलं पाणी बाहेर जाऊ न देणं, एवढंच आहे. कोरड्या टाचेवर तेल लावणं म्हणजे रिकाम्या माठावर झाकण ठेवणं.

थर फार जाड असेल तर औषधाच्या दुकानातून 20 ते 25 टक्के युरिया असलेलं मलम घ्या. ते पाणी धरून ठेवतं आणि जाड थर सैलही करतं. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत ते झोंबतं. आधी चार-पाच दिवस नुसतं व्हॅसलीन लावून भेग मिटू द्या. वावरात घालायचा खताचा युरिया पाण्यात कालवून पायाला लावू नये, हे लिहावं लागतंय कारण तशी विचारणा करणारं पत्रही आलं आहे.

तीन गोष्टी तपासून घ्या. साखरेचा आजार असेल तर वजरीसुद्धा घरी नको, पाय डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाला भेगा असतील, बोटांच्या बेचक्यांत खाज आणि पांढरा पापुद्रा असेल, तर ती बुरशी असू शकते. आणि उघड्या भेगेत माती-शेण गेलं असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. पाच वर्षं होऊन गेली असतील किंवा आठवतच नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

प्रश्न: फवारताना मी तोंडाला दुपट्टा बांधतो. औषध नाकातोंडातून जातं हे समजतं, पण धडधाकट कातडीतून कसं आत जाईल? जखम तर नसते. (ता. कळंब, जि. यवतमाळ)

जखम लागत नाही. छप्पर पाणी अडवतं, पण कवेलूंच्या फटींतला लेप स्निग्ध आहे, आणि पुष्कळशी कीटकनाशकं स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात. ज्या बाटलीवर 'ईसी' लिहिलेलं असतं तिच्यात औषधाबरोबर तेलकट द्रावकही असतो. तो त्याच लेपातून वाट काढतो.

छप्पर सगळीकडे सारखं नाही. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकाची माणसांवर मोजणी झाली होती. लावलेल्या औषधापैकी मनगट ते कोपर या भागातून साधारण 9 टक्के आत गेलं. तळहातातून 12, पोटावरून 18, डोक्याच्या कातडीतून 32, कपाळावरून 36, काखेतून 64 टक्के. आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. आता आपली फवारणी आठवा. 15-16 लिटरचा पंप पाठीवर, झाकणातून झिरपलेलं पाणी कमरेवरून खाली उतरतंय, कमरेएवढ्या ओल्या पऱ्हाटीतून चालताना पँट मांडीपर्यंत भिजलेली. तोंडाला दुपट्टा आहे, पण सगळ्यात जास्त शोषणारी कातडी ओल्या कपड्यात तासन् तास बांधलेली आहे. उकाड्याने आणि घामाने वरचा थर फुगतो, आणि फुगलेल्या थरातून शोषण वाढतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि औषधाचा तुषार थेट अंगावर येत होता.

सगळ्यात धोक्याची वेळ फवारणीची नसते, औषध मोजून कालवण्याची असते, कारण तेव्हा ते पातळ केलेलं नसतं. त्या पाच मिनिटांसाठी तरी नायट्राइल रबराचे जाड, मनगटाच्या वर येणारे हातमोजे हवेत. कापडी मोजे नसलेले बरे. ते औषध पितात आणि कातडीला धरून ठेवतात. पंप आणि सदरा यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा बांधा, पुढूनही मांडीपर्यंत प्लास्टिक बांधा. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका, नाहीतर ओघळ थेट बुटात जातो. खाली फवारत असाल तर बाही मोज्यावर हवी. वर फवारत असाल तर मोजा बाहीवर चढवा आणि त्याची कड दुमडा, म्हणजे ओघळ त्या घडीत थांबेल.

अंगावर सांडलं तर कपडे लगेच उतरवा आणि साबण-पाण्याने 15 ते 20 मिनिटं धुवा. नखं, कानामागचा भाग आणि जांघा विसरू नका. घासू नका. रॉकेलने तर मुळीच पुसू नका, ते फटींतला लेप विरघळवून औषधाला वाट करून देतं. डोळ्यात गेलं तर नुसत्या स्वच्छ पाण्याने 15 मिनिटं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा.

तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधुक, स्नायू फडफडणं, उलटी, धाप यांपैकी काही दिसलं तर दवाखाना, आणि सोबत औषधाची बाटली किंवा तिचं लेबल. कोणत्या गटाचं औषध आहे हे कळल्यावर डॉक्टरांना उतारा ठरवणं सोपं जातं. तूप, दूध पाजत बसू नये; वेळ जातो आणि बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या श्वासनळीत ते जाऊ शकतं.

प्रश्न: आम्ही बायका गोडंबीसाठी बिबे फोडतो. कोणाला काहीच होत नाही, कोणाचं अंग दोन दिवसांनी उततं. असं का? (जि. वाशिम)

बिब्याच्या टरफलात काळं, चिकट तेल असतं. त्यातली भिलावनॉल नावाची द्रव्यं दोन तऱ्हेने त्रास देतात. जास्त तेल थेट लागलं तर ते कोणालाही भाजल्यासारखं करतं: काळा डाग, मग फोड. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. बाह्यत्वचेत पहारेकरी पेशी असतात. त्या हे द्रव्य पकडून लसीका गाठींत नेऊन दाखवतात आणि तिथे त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या पेशींची फौज तयार होते. पहिल्यांदा याला दहा दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला काही होत नाही. फौज तयार झाल्यावर मात्र थोडं तेल लागलं तरी एक ते तीन दिवसांत खाज, सूज, पाण्याचे फोड. अशी फौज प्रत्येकीच्या अंगात तयार होत नाही, हा तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचा खुलासा. आणि ज्यांना बिबा उततो त्यांना आंब्याचा चीकही उतू शकतो, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली.

तेल लागल्यावर पहिली 10 मिनिटं महत्त्वाची. आधी कोरड्या कापडाने टिपा, मग खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा (ते चिकट तेल तेलातच सुटतं), मग साबण आणि भरपूर थंड पाणी. पुसलेला बोळा फेकून द्या. पातळ दवाखानी रबरी मोज्यांतून हे तेल आरपार जाऊ शकतं. जाड नायट्राइल किंवा जाड प्लास्टिकचे वापरा. अडकित्ता, पाट, पदर, दाराची कडी यांवर राहिलेलं तेल पुढे बरेच दिवस त्रास देतं. घरातल्या लहान मुलाच्या गालावर फोड येतो तो बहुतेक असाच. फोडातलं पाणी लागून मात्र दुसऱ्याला काही होत नाही. चेहरा, डोळे किंवा जांघा सुजल्या तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बिबे आगीत भाजताना धूर अंगावर घेऊ नये, तो नाकाघशात तेच करतो.

प्रश्न: गजकर्णावर दुकानदाराने दिलेल्या ट्यूबने चार दिवसांत खाज गेली. बंद केली की दुप्पट वाढतं. (जि. बुलडाणा)

ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे शब्द आहेत का ते वाचा. हे स्टेरॉइड आहेत. गजकर्णाची बुरशी वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते. लाली आणि खाज हा शरीराचा तिच्याशी चाललेला झगडा असतो. स्टेरॉइड झगडा थांबवतं, बुरशी नाही. वर जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पांढरट रेघा पडतात, त्या जात नाहीत. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती मागितली की मिळतात.

नुसतं बुरशीनाशक मलम घ्या. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहा. चट्टे बरेच असतील किंवा स्टेरॉइड महिनोन् महिने लावलं असेल तर पोटातून गोळ्या लागतात, त्या डॉक्टरच ठरवतील. घरात आणखी कोणाला असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी करा, टॉवेल वेगळे ठेवा.

प्रश्न: दहा वर्षांपासून खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना) खातो. आता तिखट सहन होत नाही आणि तोंड पूर्ण उघडत नाही. सोडला तर पूर्ववत होईल? (जि. चंद्रपूर)

शरीराच्या प्रत्येक पृष्ठभागावर अभिस्तर ऊतीचं अस्तर असतं. ते कुठे किती जाड, हे कामावरून ठरतं. फुफ्फुसाच्या वायुकोशात पेशींचा एकच चपटा थर, कारण तिथे हवा आरपार जायची आहे. आतड्यातही एकच थर, तीन ते पाच दिवसांत बदलणारा. गालाच्या आत घर्षण असतं म्हणून थर अनेक, पण त्यांच्यावर कातडीसारखं केराटिनचं छप्पर नाही. ओलं, मऊ आणि उघडं अस्तर. खर्ऱ्यातला चुना ते सोलतो, आणि मग सुपारीतलं अरेकोलिन खालच्या थरात उतरून तंतू बनवणाऱ्या पेशींना कोलॅजेन नावाचं तंतुमय प्रथिन जास्तीचं करायला लावतं. सुपारीतल्या तांब्यामुळे हे तंतू एकमेकांत घट्ट गुंततात. वरचं अस्तर पातळ होतं म्हणून तिखट झोंबतं. खाली दोर वळल्यासारखे पट्टे तयार होतात म्हणून जबडा उघडत नाही. याला तोंडाचा सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तंबाखू नसलेल्या सुपारीनेही तो होतो, हे नुसती सुपारी खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. दोनच गेली तर उशीर करू नका. आरशात गालाचा आतला भाग संगमरवरासारखा पांढुरका दिसतो का तेही पाहा.

पूर्ववत होईल असं सांगता येत नाही. वरचं अस्तर दोनेक आठवड्यांत बदलतं, म्हणून खर्रा सोडल्यावर जळजळ कमी होऊ शकते. खालचे गुंतलेले तंतू आपोआप सुटत नाहीत. सोडल्याने वाढ रोखता येते. तोंड उघडण्याचे व्यायाम, गरजेप्रमाणे गालातली इंजेक्शनं, फारच आवळलं तर शस्त्रक्रिया, अशी उपचारांची चढण आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात दाखवा. या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून खर्रा सुटल्यावरही तपासणी सोडू नका. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गळ्यात गाठ दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.

प्रश्न: कातडी महिन्या-दीड महिन्यात बदलते म्हणता, मग आजीचं गोंदण साठ वर्षं कसं टिकलं? (इयत्ता नववी, जि. गडचिरोली)

कारण बदलते ती बाह्यत्वचा. गोंदणाची सुई तिच्या खाली, एक-दोन मिलिमीटर आत, आंतरत्वचेत जाते. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. ती पेशी मेली की सुटलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते. रंग जागेवरच राहतो, पेशी बदलत जातात. काही कण थोडे थोडे सरकतात, म्हणून आजीच्या गोंदणाच्या रेघा आता फिसकटलेल्या दिसत असतील.