'खरोखरीची विधवा' : मग खोटी कोण?

एका वाचकाचा प्रश्न: "बायबलमध्ये 'खरोखरीच्या विधवांचा सन्मान कर' असं आहे. विधवा खरी-खोटी कशी? आणि सन्मान म्हणजे काय, शाल-श्रीफळ?"

शाल-श्रीफळ नव्हे, रोख किंवा शिधा! वाक्य बायबलच्या नव्या करारातलं, तीमथ्य या पौलाच्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 5 व्या अध्यायातलं. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद आहे 'तिमाओ'. त्याचं नाम 'तिमे'. तिमे म्हणजे मान, आणि किंमत किंवा मोबदलाही. त्याच अध्यायात पुढे मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या, ख्रिस्ती समुदायाच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना 'दुप्पट मान' द्यायला सांगितलंय आणि पाठोपाठ दाखला आलाय मळणीच्या बैलाला मुसकं न घालण्याचा, कामकऱ्याच्या मजुरीचा. नुसत्या नमस्काराचा हा विषय नाही. आपल्याकडे 'मानधन' या एका शब्दात दोन्ही अर्थ येतात. 'सन्मान'मध्ये मात्र धन गळून पडतं.

आता 'खरोखरीची'. विधवेला ग्रीक शब्द 'खेरा', म्हणजे मुळात उणी पडलेली, मागे उरलेली. शब्दात नवरा कुठेच नाही. आपण 'विधवा'ची फोड वि + धव, म्हणजे पती नसलेली, अशी करतो. पण प्राचीन वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात हीच फोड शेवटी दिलीय. आधी दिलाय 'विधातृका', म्हणजे पोसणारा नसलेली. (आधुनिक भाषाशास्त्राच्या मते तर 'धव' हाच 'विधवा'वरून मागाहून पाडलेला शब्द आहे. लॅटिन 'विदुआ' आपल्या विधवेची सख्खी बहीण.)

पत्रातला निकषही हाच, पोसणारं कुणी नसणं: मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी सांभाळावं, मंडळीवर भार नको. जिला कुणीच नाही ती खरोखरीची. मंडळीने पोसायच्या विधवांच्या यादीत नाव घालायचं तर वय किमान 60 हवं. तरुण विधवांनी सरळ पुन्हा लग्न करावं. मी भाषांतर करेन ते असं: 'ज्यांना खरंच कुणी नाही, अशा विधवांना मानानं पोस.'

यादी मात्र वाढत गेली. इ.स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस लिहितो, की तिथली मंडळी 1500 हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. शिवाय 'विधवा' हे मंडळीतलं एक पदच झालं होतं. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस स्मुर्णा (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) इथल्या 'विधवा म्हणवल्या जाणाऱ्या कुमारिकां'ना नमस्कार कळवतो. याचा अर्थ लावताना अभ्यासकांत वाद आहेत. पण पुढे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने तर तक्रारच केलीय, की विशीही न गाठलेल्या एका कुमारिकेला विधवांच्या वर्गात बसवलंय!