‘मुलं पळवणारी टोळी’ आणि सासऱ्यांचा ग्रुप

सासरे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा’ असे व्हिडिओ टाकतात. तुम्ही खाली ‘हे फेक आहे’ म्हणून लिंक टाकलीत, तर ते बोलेनासे झाले. आता गप्प बसावं का, असं तुम्ही विचारलंय. गप्प अजिबात बसू नका. फक्त चारचौघांत त्यांना खोडून काढणं थांबवा.

ही अफवा साधी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. त्या भागात असे मेसेज आधीपासूनच फिरत होते. एकच गोष्ट पुन्हापुन्हा कानावर पडली की ती खरी वाटायला लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगातून दाखवलंय. शिकलेली माणसंही याला अपवाद नाहीत.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुद्दाम शोधून बघा. गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. बघताना पोटात गोळा येतो. मूळ व्हिडिओ कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारी जाहिरात. त्यात पुढे तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात. एवढा शेवटच कोणीतरी कापला.

सासऱ्यांसोबत चहाला बसाल तेव्हा आधी कापलेला आणि मग पूर्ण व्हिडिओ दाखवा. काय कापलंय ते त्यांचं त्यांना सापडू द्या, तुम्ही सांगू नका. नातवंडांची काळजी वाटते म्हणून ते हे पाठवतात, ही काळजी खरी आहे असं तोंडाने म्हणा. पुरावा दाखवला की माणूस हटकून उलट हट्टाला पेटतो, असं सरसकट म्हणतात, पण पुढच्या अभ्यासांत तसं क्वचितच दिसलं. माझ्या मते ते पुराव्यावर नाही, गावासमोर झालेल्या अपमानावर रागावलेत.

मग पुढची पायरी. अफवा यायच्या आधीच तिची युक्ती उघडी करून सांगायची. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६०च्या दशकात हा विचार मांडला, केंब्रिज विद्यापीठाच्या सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी तो खोट्या बातम्यांना लावून पाहिला. लसीसारखंच हे: थोडा डोस आधी, आणि असर ओसरतो म्हणून अधूनमधून पुन्हा. ‘बाबा, आता शाळा सुरू होतील, पुन्हा असा मेसेज येईल बघा. तारीख नसेल, गावाचं नाव बदललेलं असेल, शेवटी सगळ्यांना पाठवा म्हणतील,’ एवढं पुरे. मेसेजवरची दुहेरी बाणाची खूणही दाखवा. तो बराच हिंडून आलाय हे त्यावरून कळतं.

नुसतं ‘खोटं आहे’ म्हटलं की मनात जागा रिकामी राहते आणि जुनी गोष्ट तिथे परत येऊन बसते. म्हणून त्यांच्या हाताला काम द्या. संशय आला तर ११२, मुलांबाबत १०९८, हे नंबर ग्रुपवर त्यांनाच टाकू द्या. त्यांच्या शब्दांत आलेलं गाव ऐकेल, सुनेच्या लिंकवरून नाही.

मात्र मेसेजमध्ये एखाद्या जिवंत माणसाचा फोटो किंवा ‘आत्ता अमुक चौकात पकडलेत’ असं असेल, तर समजावत बसू नका. लगेच ११२ लावा. राईनपाड्याच्या घटनेच्याच दिवसांत मालेगावात जमावाने घेरलेल्या पाच जणांपर्यंत पोलीस वेळेत पोचले, म्हणून ते वाचले.