वाचकांचे प्रश्न : ओट्यापाशीची उपासना

प्रश्न : मी नगर जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, दोन मुले आहेत. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही. परंतु पहाटे तासभर एकांतात प्रार्थना करणे मला जमत नाही, आणि ज्याला ते जमत नाही त्याचे आध्यात्मिक जीवन कोरडे असते, असे आमच्या महिला मंडळातील एका ज्येष्ठ भगिनींचे मत आहे. भाकऱ्या थापताना मी भजन गुणगुणते, कधी एखादे कडवे स्वतःच रचते. याला प्रार्थना म्हणता येईल का?

उत्तर : ताई, म्हणता येईल. मात्र एवढ्या होकाराने तुमच्या मनातील टोचणी जाणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

देवाच्या राज्याविषयी बोलताना प्रभू येशूने तीन मापे पिठात खमीर मिसळणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी केली, आणि हरवलेल्यांना शोधणारा देव कसा आहे हे सांगताना दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून, घर झाडून ते शोधणारी स्त्री दाखवली. हातात केरसुणी घेतलेल्या बाईमध्ये देवाचे रूप पाहा, असे सांगणारा हा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील धीटपणा आता जाणवतच नाही.

सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात कोठी सांभाळणाऱ्याने मठातील सर्व भांडी आणि सामानसुमान वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावे, असे सांगितले आहे. स्वयंपाकाची पाळी दर आठवड्याला बदलत असे. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करावी, हातपाय पुसण्याचे टॉवेल धुवावेत, भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठीवाल्याच्या हवाली करावीत. आणि रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर पाळी संपवणारे व नव्याने घेणारे अशा दोघांनी सर्वांसमोर गुडघे टेकून आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावी, असा तो क्रम होता. ओले टॉवेल आणि गुडघे टेकणे या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात, एकाच गांभीर्याने लिहिल्या आहेत.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू स्वयंपाकघरात राबत. त्यांना त्या कामाची मुळातच नावड होती, हे मला त्यांच्याविषयी सर्वांत दिलासा देणारे वाटते. तव्यावरचे अंडे परततानाही ते देवाच्या प्रेमाखातर परतावे, असा त्यांचा प्रयत्न असे. तुम्हालाही भाकऱ्यांचा कधी कंटाळा येत असेल, तर तो देवापासून लपवू नका. तोही प्रार्थनेत सांगण्यासारखाच विषय आहे.

आता दोन गोष्टी जरा स्पष्टपणे सांगतो. पहिली अशी की बेनेडिक्ट यांचे मठवासी घंटा झाली की हातातील काम ठेवून प्रार्थनेला जात. तेव्हा तासभर नसेल, तरी शाळेतून परतल्यावर दार लोटून दहा मिनिटे गप्प बसण्याचा हट्ट तुम्ही धरावा. दुसरी गोष्ट महिला मंडळात सहसा निघत नाही. ‘काम हीच प्रार्थना’ हे वाक्य घरातील सगळे काम एकाच बाईच्या गळ्यात घालण्यासाठी फार सोयीचे पडते. मठात पाळी बदलत असे, आणि आजारपण किंवा महत्त्वाची जबाबदारी असल्याखेरीज कोणालाही तिच्यातून सूट नव्हती. तुमच्या घरी ओट्यापाशी तुमच्याखेरीज कोणाची पाळी लागते, हा प्रश्न यजमानांना विचारणे अधार्मिक मुळीच ठरणार नाही.

राहिला तुमच्या कडव्यांचा प्रश्न. लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. तरीही 1919 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक निवर्तले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील काव्य पुढे नेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. तुम्ही ओट्याजवळ एक वही ठेवा, तिच्यावर पिठाचे डाग पडू द्या, आणि रचलेले कडवे मंडळात म्हणून दाखवा. एखादी मात्रा अडखळत असेल तर टाळ वाजवणाऱ्या बायकांच्या ते आधी लक्षात येईल. त्या ज्येष्ठ भगिनींनाही समोर बसवा.

प्रश्न : मी वसईचा आहे, चित्रकला शिकतो. नाताळच्या गोठ्यासाठी मी पवित्र मरियेचे चित्र आमच्या आजीसारखे लाल लुगडे नेसवून काढले. गावातील काही वडीलधाऱ्यांना ते ‘आपल्या धर्मातले’ वाटले नाही. मी ते मागे घ्यावे का?

उत्तर : वसईतील लुगडे वसईतच परके ठरावे, याची मला गंमत वाटली. हा वाद तसा जुना आहे. गोव्यात 1902 मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि मरियेला साडी नेसवून, येशूच्या जीवनातील प्रसंग भारतीय शैलीत रंगवू लागले. गोव्यात त्यांना विरोध झाला, तेव्हा ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि तेथे वर्षानुवर्षे चित्रे काढत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. सवड काढून जाऊन पाहा.

चित्र मागे घेऊ नका. पण वडीलधाऱ्यांना बाजूला सारूनही ते लावू नका. त्यांना कदाचित रंगापेक्षा न विचारल्याचे दुःख झाले असेल. गोठा उभारण्याच्या कामात त्यांना बोलवा, आणि गावातील दोन-तीन आज्यांना चित्रासमोर बसवून लुगड्याचा काष्टा, पदर आणि डोक्यावरची घडी बरोबर आली आहे का, ते विचारा. माझा अंदाज आहे की त्या चुका काढतील. त्या दुरुस्त करून मगच चित्र गोठ्यात ठेवा.