दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रातील परिचारिका : पदनाम आणि मान (वाचकांची प्रश्नोत्तरे)

प्रश्न : आमच्या केंद्रात नोंदणीकृत परिचारिका आणि मदतनीस अशा सर्वांनाच ‘सिस्टर’ म्हटले जाते. मी हरकत घेतली, तेव्हा तो अहंकार ठरवला गेला. माझा आग्रह चुकीचा आहे का?

उत्तर : मुळीच नाही. वृद्ध रहिवासी मायेने जी हाक मारतात, ती खुशाल मारू द्यावी; मात्र ओळखपत्र, ड्यूटीचा तक्ता आणि नोंदवही यांवर प्रत्येकाचे पदनाम स्पष्टच असले पाहिजे. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा केला, आणि पुढे अनेक देशांत असे कायदे झाले. प्रशिक्षण कोणाचे झाले आहे आणि निर्णयाला जबाबदार कोण, हे रुग्णाला कळावे, हा नोंदणीचा गाभा आहे. रात्री एखाद्या आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर तो वयाचा परिणाम समजून सोडून द्यायचा, की जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा नवे औषध यांमुळे आलेला तीव्र संभ्रम आहे का हे तपासून डॉक्टरांना तातडीने कळवायचे, याचा निवाडा परिचारिकेला करावा लागतो. अशा वेळी नातेवाइकाने नेमके कोणाशी बोलायचे हे त्याला ठाऊक नसेल, तर मोलाचा वेळ वाया जातो.

प्रश्न : मी व्यवस्थापक आहे. ओळखपत्रांवर पदनामे ठळक छापल्यावर मदतनीस दुखावले. काय करावे?

उत्तर : पदनामे काढू नका, मदतनिसांनाही त्यांचे स्वतःचे नेमके पदनाम द्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात परिचारिका, सहयोगी परिचारिका आणि आरोग्य-सेवा मदतनीस असे तीन वेगळे गट आहेत; म्हणजे मदतनिसाचे काम हाही तेथे स्वतंत्र व्यवसायच मानला आहे. दुखावण्याचे खरे कारण बहुधा पदनाम नसते. आपले निरीक्षण कोणी ऐकून घेत नाही, ही खंत असते. माकडहाडापाशी उमटलेला लालसर डाग ही शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते, आणि तो अंघोळ घालणाऱ्यालाच सर्वांत आधी दिसतो. पाळी बदलताना त्याला बोलते करा, त्याने सांगितलेले त्याच्या नावानिशी नोंदवा, आणि काम सोपवले तरी त्यावरील देखरेखीची जबाबदारी परिचारिकेकडेच राहते, हे दोघांनाही समजावून सांगा.

प्रश्न : मी पुरुष परिचारक आहे. रहिवासी मला डॉक्टर समजतात. प्रत्येक वेळी दुरुस्ती करावी का?

उत्तर : होय, प्रत्येक वेळी, आणि शांतपणे. उपचाराविषयीची संमती किंवा तक्रार चुकीच्या माणसाकडे जाता कामा नये.

प्रश्न : रुग्णालयातील माझे सहकारी म्हणतात, ‘तिकडे काय, नुसती देखभाल!’ पुढे नोकरी बदलताना हा अनुभव कमी लेखला जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : हा गैरसमज मला मनापासून खटकतो. या कामाचे यश बहुतेक वेळा काही न घडण्यात असते. जखम झाली नाही, रहिवासी पडला नाही, औषधांची गल्लत झाली नाही, आणि जे घडलेच नाही त्याची दखल कोणी घेत नाही. म्हणूनच आपला निर्णय लेखी ठेवण्याची सवय लावून घ्या. उदाहरणार्थ, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मापनश्रेणीत संवेदना, ओलावा, हालचाल, पोषण यांसारख्या सहा बाबी तपासून ६ ते २३ गुण देतात. गुण जितके कमी, तितका शय्याव्रणाचा धोका अधिक. गुण घसरल्यावर तुम्ही कूस बदलण्याच्या वेळा किंवा आहार यांत काय फेरबदल केले आणि त्वचा पुढे कशी राहिली, हे नोंदीत आले की त्यातून तुमचे कौशल्य दिसते.

अनुभवपत्र घेताना ‘केअरटेकर’ किंवा ‘समन्वयक’ असा मोघम उल्लेख स्वीकारू नका. नोंदणीकृत परिचारिका हे पदनाम, पाळीत सांभाळलेल्या रहिवाशांची संख्या, औषधव्यवस्थापन, जखमांची शुश्रूषा आणि अखेरच्या काळातील वेदनाशमन यांतील तुमची जबाबदारी त्यात असावी. हे पत्र सोडून जाताना घाईघाईने मागण्यापेक्षा वार्षिक आढाव्याच्या वेळीच त्याचा मसुदा व्यवस्थापकांसमोर ठेवा, कारण तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेले वरिष्ठ तेव्हा तेथे असतात.