उत्तर: व्हेंटिलेटर निघाला, पण मुलगी थरथरतेय, झोपत नाही

तुमची मुलगी आयसीयूतून वॉर्डात आली आणि लगेच हातपाय थरथरणं, घाम, सारख्या जांभया, पातळ शौच सुरू झालं, आणि सगळे म्हणतायत "घाबरलीय, होईल शांत". वाचून पोटात गोळा आला. आमच्या मुलाचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस माझ्याकडून घेऊ नका. डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं घ्या.

फेंटानिल किंवा मॉर्फिन (वेदना कमी करणारी) आणि मिडाझोलाम (गुंगीचं औषध) साधारण पाच दिवसांपेक्षा जास्त सलग चाललं, की शरीराला त्याची सवय होते आणि एकदम काढलं की हे असं होतं. 'व्यसन लागलं का?' विचारणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच परत पाठवा. व्यसनाचा इथे काही संबंध नाही. हे मोजायला 'वॅट-१' नावाचा तक्ता आहे, ० ते १२ गुणांचा. ३ किंवा जास्त गुण आले की विथड्रॉवलचा, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यामुळे होणाऱ्या त्रासाचा, विचार करतात. वॉर्डात तो कोणी भरतंय का?

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते शिफ्टिंग. आयसीयूत औषधं उतरवण्याचं वेळापत्रक व्यवस्थित ठरलेलं होतं, पण ते वॉर्डात पोहोचलंच नाही. ट्रान्सफरच्या कागदावर एकच ओळ, 'सिडेशन बंद', म्हणजे गुंगीची औषधं बंद. झालं, तोंडावाटे चालू असलेलं मॉर्फिन, लोराझेपाम (मिडाझोलामच्याच जातीचं) आणि क्लोनिडिन (हेही शांत ठेवणारं), तिन्ही एका दिवसात बंद! त्याला ताप आला, जुलाब झाले, म्हणून इन्फेक्शन धरून अँटिबायोटिक बदललं. (ताप आला तर इन्फेक्शन तपासायलाच हवं, तक्रार त्याची नाही.) एका सिस्टरना शंका आली होती, त्यांचं कोणी ऐकलं नाही. वॉर्ड म्हणे आयसीयूला विचारा, आयसीयू म्हणे पेशंट आता आमचा नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं. शेवटी आयसीयूतल्याच एक डॉक्टर येऊन बघून गेल्या, आधीचे डोस परत सुरू केले, तेव्हा पोरगं झोपलं.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: वेळापत्रक लेखी मागा आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. दोन औषधं एकाच दिवशी कमी करणार असतील तर कारण विचारा. बऱ्याच ठिकाणी एका वेळी १० ते २० टक्के उतरवतात, गुण वाढले तर तिथेच थांबतात किंवा एक पायरी मागे जातात. क्लोनिडिन किंवा त्याच्याच जातीचं डेक्समेडेटोमिडीन चालू असेल तर तेही विसरू नका. अचानक थांबलं तर बीपी आणि नाडी उसळते.

मुलगी नजरेला नजर देत नाही, तुम्हाला ओळखत नाही असं वाटतंय का? मग डिलिरियमबद्दलही (आजारपणात मेंदूचा उडणारा गोंधळ) विचारा. त्यात मिडाझोलाम वाढवल्यानं गोंधळ आणखी वाढू शकतो. रात्री दिवे मंद, चष्मा असेल तर दिवसा डोळ्यावर, एवढं तर आपल्या हातात आहे.

एक आडवी टीप: घरी औषध देणार असतील तर डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहून घ्या. बाटली बदलली की औषधाची तीव्रता बदललेली असू शकते. आणि मूल फार गुंगीत असेल, श्वास मंद वाटला, तर इथे विचारत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

थरथर सुरू झाली की मोबाइलवर व्हिडिओ काढा. राउंडच्या वेळी मूल नेमकं शांत पडलेलं असतं आणि मग आईबापच घाबरट ठरतात. कोणती औषधं चालू होती आणि कधी थांबली, तेवढं इथे लिहा.