गाय माणूस दिसला की पळते, लसीच्या दिवशी तर उधळतेच. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कलमांना शेणखत मिळावं म्हणून चौदा गावठी गुरं ठेवलीत, दूध काढत नाही. त्यातल्या दोन गायी माणूस दिसला की गडगा (दगडी कुंपण) ओलांडतात आणि लाळ्या-खुरकूतची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा एकीनं बेडंच (कुंपणाचं फाटक) मोडलं.

निम्मं उत्तर 'दूध काढत नाही' यातच आहे. दुधाच्या गायीला रोज दोनदा हात लागतो. तुमच्या गुरांना माणसाचा हात लागतो तो वर्षातून दोन-तीनदा, आणि बहुतेक वेळा त्या हातात सुई असते. अमेरिका-ऑस्ट्रेलियात मांसासाठी पाळलेल्या मोठ्या कळपांचीही हीच गत असते, म्हणून तिकडची गुरं हाताळायची रीत आपल्या मोकळ्या चरणाऱ्या गुरांना बरीचशी लागू पडते. फरक एवढाच की तिकडे फार बुजरी गाय सरळ मांसाला विकून टाकतात. स्वभाव काही अंशी पोटच्या वासरात उतरतो, म्हणून तिची पैदासही नको असते. आपल्याकडे महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गोवध बंद आहे आणि 2015 पासून बैल-वळूही त्यात आले. तेव्हा आहे त्या गायीलाच वळण लावायचं.

मी देवगड तालुक्यातला. आमच्याकडे नऊ गुरं आहेत आणि त्यातली एक हरणी. नाव तिच्या पळण्यावरूनच पडलं. पाचेक वर्षांपूर्वी लसीच्या दिवशी आम्ही चौघांनी तिला गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडलं. मी दावं टाकलं आणि सुटू नये म्हणून त्याचे दोन वेढे हाताला घेतले. तिनं एक हिसका दिला. माझ्या डाव्या करंगळीचं पेर अजून वाकडं आहे. (दावं हाताला कधीही गुंडाळू नका. दुसरं काही नाही वाचलंत तरी चालेल.) त्यानंतर हरणी दिवाळीपर्यंत गोठ्यात शिरली नाही, रात्री सड्यावरच, म्हणजे उघड्या कातळावर, राहायची. वाघराच्या (बिबट्याच्या) भीतीनं मला झोप नाही आणि ती मात्र आरामात.

तेव्हा शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "सोड रे तिका. तिच्याकडे बघूच नको, आपलो बस थंयसर." आणि स्वतः आंबोणाचं (गुरांच्या कालवलेल्या खाण्याचं) घमेलं घेऊन तिच्याकडे पाठ करून बसल्या, पान जमवत. हरणी वीसेक पावलांवर उभी. आजींचं पान खाऊन झालं, तरी ती तिथंच. चौथ्या दिवशी ती घमेल्यापर्यंत आली.

आजी जे करत होत्या त्याची फोड नंतर वाचनातून कळली. प्रत्येक गाईचं एक अंतर असतं. तुम्ही त्या आत गेलात की ती हलते, बाहेर आलात की थांबते. गरीब गाईचं ते हातभर असतं, तुमच्या त्या दोघींचं अख्खं आवाठ (वाडी) असेल. त्या अंतराच्या कडेवर यायचं, तिनं कान टवकारून मान वर केली की थांबायचं आणि ती पळायच्या आत आपणच दोन पावलं मागे जायचं. आपण मागे गेलो की तिला सुटल्यासारखं वाटतं, आणि दोन-तीन आठवड्यांत ते अंतर आपोआप आटतं. टक लावून समोरून चालत जाणं म्हणजे तिच्या लेखी वाघरूच.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोब्बर शेपटीमागचं नाही. तिथून गेलात तर ती दचकणार किंवा लाथ घालणार. जाताना तोंडानं काहीतरी बोलत राहा. हाकताना तिचा खांदा लक्षात ठेवा. आपण खांद्याच्या मागच्या बाजूला सरकलो की गाय पुढे चालते, खांद्याच्या पुढे आलो की थबकते किंवा वळते. काठी लागतच नाही. लागलीच तर हात लांब करायला, मारायला नव्हे. आणि दोन बुजऱ्या गायी वेगळ्या काढून हाकू नका. एकटी पडलेली गाय भिंतीवरही चढते. सोबत एखादी म्हातारी, थंड डोक्याची गाय द्या.

आता लसीच्या दिवसाचं. गडग्याला लागून एक अरुंद गल्ली करा, गाय सरळ जाईल पण वळणार नाही एवढीच. आमच्या लहान चणीच्या गाईंना सव्वादोन फूट पुरतात. बाहेरच्या बाजूनं बांबू, आणि बांबूंना झावळ्यांचे झाप बांधून ती बाजू बंद करा. बाहेर माणसं दिसत राहिली की ती बिथरते. तळाला चिरा (दगड) असेल तर माती किंवा तूस टाका, कारण पाय सटकला की शांत गाईचाही धीर जातो. आमच्याकडे एकदा सगळं जमवलं तरी एकही गाय आत जाईना. तासभर ओरडाआरडा झाल्यावर पुतण्याला दिसलं की टोकाला माडावर अडकलेली निळी ताडपत्री फडफडतेय. ती काढली आणि पाच मिनिटांत सगळ्या आत. गल्लीतून आधी स्वतः वाकून, गाईच्या उंचीवरून चालून बघा. लसीच्या आधी पंधरा दिवस रोज त्याच वाटेनं न्या, टोकाला आंबोण आणि चिमूटभर मीठ ठेवा, सुई नको. त्या दिवशी कुत्रे बांधा, पोरांना लांब ठेवा. कितीही करून एखादी उधळली तर लगेच पुन्हा मागे लागू नका, धडधड शमायला तिला वीस-तीस मिनिटं लागतात. डॉक्टरांना चहा द्या.

हात लावायची वेळ आली की सुरुवात मानेखालून करा. गायी एकमेकींना चाटतात ती जागा तीच. कपाळावर हात नेऊ नका, बहुतेकींना ते टक्कर घेतल्यासारखं वाटतं.

जुनी माणसं गाय घेताना कपाळावरचा भोवरा बघतात. शुभ-अशुभावर माझा विश्वास नाही, पण अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या गुरांच्या वर्तनाच्या अभ्यासक बाईंनी 1995 साली सहकाऱ्यांबरोबर छापलेल्या अभ्यासात भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं बांधल्यावर जास्त तडफडताना आढळली होती. हरणीचा भोवरा वरच आहे. एका गाईवरून काही ठरत नाही, तरी तुमच्या दोघींचा बघून मला नक्की सांगा.

एक गोष्ट मात्र यात मोडत नाही. एरवी गरीब असलेली गाय एकाएकी बिथरली, आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली, तर तो बुजरेपणा नव्हे, पिसाळलेला कुत्रा किंवा कोल्हा चावलेला असू शकतो. घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका, लांब राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नुकती व्यालेली गाय अंगावर आली तर तेही वेगळं. आठवडाभर तिच्या वासराकडे फिरकू नका.

गाय अंगावर येत नसेल तर वासरांना मात्र पहिल्या दिवसांपासून हात लावायची सवय करा. हरणीची पाडी आमच्या ओटीवर येऊन बसते.

हरणी स्वतः आता माझ्याकडून गोचीड काढून घेते, पण माझा भाऊ मुंबईहून गणपतीला आला की त्याला गोठ्याच्या दारात उभं करत नाही. तो अंगावर काहीतरी सुवासिक फवारून येतो. म्हणून आल्या आल्या मी त्याला माझा गोठ्यातला सदरा घालायला देतो. निम्म्या वेळा चालतं.