पहिली येळवस आणि भज्जीचं टेन्शन

प्रश्न : ताई, मी नाशिकची, लग्न होऊन लातूरला आलेय. मार्गशीर्ष अमावस्येला सासरचे सगळे येळवशीला, म्हणजे उभ्या पिकात पूजा करून जेवायच्या सणाला, शेतात जाणार आणि भज्जी मी करायची असं सासूबाईंनी सांगितलंय. मी ती कधी खाल्लीसुद्धा नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना शेत नाही, त्यांना बोलावलं तर चालतं का? आणि पीक अजून उभंच असतं, मग सण आत्ताच का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. पीक उभं असतं म्हणूनच तर येळवस! तूर शेंगांनी लगडलेली, ज्वारीचं कणीस पोटऱ्यात, म्हणजे अजून पानांत, नाहीतर बाहेर निसवलेलं, हरभरा घाट्यावर यायला लागलेला, घरात रब्बीचा एक दाणा आलेला नाही, उद्या गारपीट झाली तर काय हेही माहीत नाही, आणि तरी आपण आधी काळ्या आईला जेवू घालतो न मग स्वतः बसतो. मला हे फार मोठं वाटतं. माल घरात आल्यावर आनंद कुणीही करेल.

लातूर-धाराशिवकडे हा दिवस दिवाळीच्या तोडीचा, लातूरला तर कलेक्टर लोकल सुट्टी देतात आणि दुपारी मेन रोडवर चिटपाखरू नसतं. तिकडे बिदर-कलबुर्गीलाही हाच सण करतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारतात, आत पाच दगड मांडून चुना लावतात, ते पांडव. त्यांची पूजा, नैवेद्य, मग ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असा गजर करत पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी. गजराचे शब्द गावागणिक थोडे बदलतात, घरचे म्हणतील तसं म्हण, पण मोठ्यानं म्हण.

आता भज्जी, म्हणजे दाणे आणि पालेभाज्यांची एकत्र दाट भाजी. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हिरवा हरभरा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, म्हणजे त्या दिवसांत शेतात आणि बाजारात जे हिरवं मिळेल ते सगळं. दाणे सोलायलाच खरा वेळ जातो, त्यामुळे आदल्या दिवशी दुपारीच सगळ्यांना सोलायला बसव, एकटीनं करायचं काम नाही हे. आधी दाणे शिजवायचे, मग भाज्या, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची न भरपूर लसूण, आणि शेवटी बेसन पाण्यात कालवून लावायचं. बेसन घातल्यावर हात थांबवू नकोस, तळाला लगेच लागतं. दाट झाली पाहिजे, बाजरीच्या उंड्याबरोबर, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्याबरोबर, खाता येईल अशी. आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात केलेली, ती मातीच्या बिंदग्यात, म्हणजे छोट्या मडक्यातच ठेवा, चव वेगळीच लागते.

शेजाऱ्यांना बिनधास्त बोलाव! ओळख असो नसो, येळवशीला शेतात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, म्हणून स्वयंपाक मोजून करायचाच नाही. त्यांना सांग, दिवस मावळेपर्यंत थांबा, संध्याकाळी कडब्याचा हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, पेटवून शेताभोवती फिरवतात तो पोरांनी बघायलाच पाहिजे, आणि येताना स्वेटर आणा, शेतात गारठा लवकर पडतो.

बेसन किती लावायचं ते मात्र सासूबाईंना विचार, प्रत्येक घराचं माप वेगळं असतं.